बाह्यवळण गावात येते तेव्हा

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

पुण्याला व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हाचा श्रोता पायी येई. पेठेतल्या वाड्यातून उपरणे सावरत निघाले की पंधरा-वीस मिनिटांत सभास्थान गाठता येई. त्याची नातवंडे सायकलीवरून आली. सभा संपल्यावर भिंतीला रेललेल्या शंभर सायकलींतून आपली हुडकून काढणे हाच त्यांचा परतीचा त्रास होता. आजचा श्रोता वारजे, वाघोली, धायरी नाहीतर वाकडहून येतो. येताना त्याला निदान एक मोठा चौक, एखादा उड्डाणपूल आणि बऱ्याचदा एक राष्ट्रीय महामार्ग पार करावा लागतो. रात्री परतताना घरून फोन येतो, ‘निघालात का?’ आणि त्या प्रश्नात थोडी काळजी असते. दीडशे वर्षांत व्यासपीठ फारसे बदलले नाही. घर आणि सभागृह यांच्यामधला रस्ता पार बदलला. त्या रस्त्यावर होणारे मृत्यू हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. पुढच्या वर्षी मृतांचा आकडा १,७२,००० च्या वर गेला. त्यात महाराष्ट्राचा वाटा वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. २०२२ च्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. म्हणजे मेलेल्या तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगाभोवती साधा पत्राही नव्हता.

प्रत्येक मृत्यूनंतर पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली जाते. तिची भाषा महाराष्ट्रभर सारखीच: अमुक वाहनाच्या चालकाने ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ वाहन चालवले. कलमे बदलली, भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी वाक्य तेच राहिले. त्यातले शेवटचे शब्द मात्र थांबून वाचण्यासारखे आहेत. रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष चालकाने केले असेलही. पण ती परिस्थिती तयार होत असताना तिच्याकडे आणखी कोणाकोणाचे दुर्लक्ष झाले, हा रकाना फिर्यादीत नसतो.

तो भरायचा तर पुण्याच्या नवले पुलाइतकी बोलकी जागा दुसरी नाही.

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला एक अवजड ट्रक उतारावरून खाली आला आणि नवले पुलाजवळ एकामागून एक वाहनांवर आदळत गेला. अग्निशमन दलाने मोजली तेव्हा नुकसान झालेली वाहने ४८ भरली. चालकाने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. घाट उतरताना गाडी ‘न्यूट्रल’ करण्याची सवय मालवाहतुकीत नवी नाही. भाड्याच्या हिशेबात डिझेलचा प्रत्येक लिटर चालकाच्या खिशाला लागतो. पण अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर तयार करतो. इंजिन बंद झाले की टाकीत साठलेल्या हवेवरच काम भागवायचे. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की हवा उतरते, तापलेली लायनिंग पकड सोडतात, पॉवर स्टिअरिंग जड होते. मग उरतो तो नुसता उतार आणि मागे भरलेला माल.

त्यानंतर रंबलर आले, फलक आले, वेगमर्यादा उतरवली गेली, अतिक्रमणे हटली. आणि १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी त्याच टापूत पुन्हा कंटेनर अनावर झाला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये मोटार चिरडली, आग लागली, आठ जणांचा जीव गेला. तीन वर्षांत चालक वेगळा, मालक वेगळा, गाडी वेगळी. उतार तोच आणि उताराच्या पायथ्याशी असलेली गर्दीही तीच.

ही गर्दी तिथे आली कशी, याची गोष्ट पुण्याच्या वाढीची गोष्ट आहे.

नवले पूल ज्याच्यावर आहे ते कात्रज-देहूरोड बाह्यवळण आखले गेले मुंबई-बंगळूर वाहतूक पुणे शहरात शिरू नये म्हणून. तेव्हा हा ४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता तो ४८ क्रमांकाचा आहे. साताऱ्याकडून आलेला ट्रक स्वारगेटला न जाता डोंगराच्या कडेकडेने थेट देहूरोडला निघावा, अशी कल्पना. नऱ्हे, आंबेगाव, धायरी ही तेव्हा खरोखर गावे होती. त्यांच्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्याला पादचाऱ्याची फारशी फिकीर करण्याचे कारण नव्हते. घाट उतरून आलेल्या गाडीला पुढे मोकळा रस्ता मिळणार, हे गृहीतच होते. त्या गृहीतकावर उताराचे गणित चुकीचे नव्हते.

पण शहर थांबले नाही. पुणे महापालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २५.३८ लाख होती, २०११ मध्ये ती ३१.२४ लाख झाली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने तर त्याच दहा वर्षांत दहा लाखांवरून सतरा लाखांवर उडी घेतली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. हिंजवडीला आयटी पार्क आला. वडगाव, नऱ्हे, आंबेगावच्या उतारांवर शैक्षणिक संकुले उभी राहिली, त्यांच्यामागून वसतिगृहे, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आली. जमीन स्वस्त होती आणि ‘हायवेला लागून’ हा जाहिरातीतला सगळ्यात जड शब्द होता. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे २०२१ मध्ये. म्हणजे महामार्ग आधी, वस्ती नंतर आणि महापालिका सगळ्यात शेवटी. पदपथ, दिवे, भुयारी मार्ग, बसथांबा यांची जबाबदारी ज्या यंत्रणेची, ती घटनास्थळी पोहोचली तोवर रस्त्याला पंधरा-वीस वर्षे होऊन गेली होती. शिवाय मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आजूबाजूची बांधकाम परवानगी कधी ग्रामपंचायतीच्या, कधी जिल्हाधिकाऱ्यांच्या, कधी प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आणि आता महापालिकेच्या हातात. सेवारस्ता कोणाचा, यावरच पत्रव्यवहाराच्या फायली जाड झाल्या.

अशा रीतीने बाह्यवळण गावात आले. नावाने ते अजून बायपास आहे. व्यवहारात तो तिथल्या लाखभर माणसांचा मुख्य बाजाररस्ता आहे. एकाच डांबरावर सोलापूरचा कांदा, तमिळनाडूचा कंटेनर, कॉलेजची स्कूटी, दुधाचा टेम्पो आणि भाजीची पिशवी घेऊन दुभाजकावर पाय टाकणारी बाई. रस्ते-सुरक्षेच्या शास्त्रात याला फार सरळ उत्तर आहे. जिथे पायी माणूस आणि मोटार एकत्र येतात तिथे वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत हवा; त्या वेगाला धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. पन्नासला मरणाची शक्यता कितीतरी पटीने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा, की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. सरकारी अहवाल २०२२ च्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ लिहितो. पण वेग चालकाच्या पायात असतो तितकाच रस्त्याच्या आखणीत असतो. सरळ, रुंद, सहा पदरी, उताराचा रस्ता ‘जा’ म्हणतो. कडेला लावलेला ४० चा फलक ‘थांब’ म्हणतो. चालक बहुधा रस्त्याचे ऐकतो.

उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वाराचेही तसेच. ‘राँग साइड’ येणाऱ्याला शिव्या घालणे सोपे आहे आणि तो गुन्हा आहेच. तरी एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहावे. समोर शंभर मीटरवर त्याची सोसायटी दिसते. कायद्याने जायचे तर दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचे, तेही ट्रकांच्या मधून. दुभाजक आखणाऱ्याच्या नकाशात ही सोसायटी नव्हती. आता ती आहे, नकाशा मात्र तोच आहे. चांदणी चौकात जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले. मोटारींची कोंडी सुटली, पण पायी माणसाला चौक ओलांडायचा कुठून, हा प्रश्न पूल झाल्यानंतर चर्चेला आला.

वाढते शहर स्वतःच्या वाढीचे ओझेही रस्त्यावर वाहते, ही बाजू सहसा विचारात घेतली जात नाही. इमारत उभी राहायची तर खडी, वाळू, सिमेंट लागते. म्हणून डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर येतात. इमारत झाली, पण नळ आला नाही. म्हणून पाण्याचे टँकर येतात. नव्याने आलेल्या गावांत कित्येक सोसायट्या आजही टँकरवर जगतात. ही सगळी अवजड वाहने गावरस्त्यांच्या रुंदीचे माप घेऊन झालेल्या गल्ल्यांतून खेपांच्या हिशेबावर पळतात. जितक्या खेपा तितके पैसे. चालकाच्या केबिनच्या डावीकडचा खालचा भाग त्याला दिसत नाही आणि सायकल किंवा दुचाकी नेमकी तिथेच येते.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री एक डंपर पदपथावर चढला. तिथे अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेली मजूर कुटुंबे झोपली होती. तिघांचा मृत्यू झाला, त्यांत दोन लहानगी होती. चालक दारूच्या नशेत असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याचा गुन्हा न्यायालय ठरवील. पण ज्या शहराला मजूर हवा होता त्याने त्याला रात्री पाठ टेकायला पदपथ दिला आणि ज्या शहराला खडी हवी होती त्याने रात्रीचा रस्ता डंपरला दिला. दोघांची गाठ त्या फाट्यावर पडली. वाघोली जून २०२१ पर्यंत ग्रामपंचायत होती. देशाच्या आकडेवारीत जवळपास दोन तृतीयांश मृत्यू ‘ग्रामीण’ भागात दाखवले जातात. त्यांतली अशी किती गावे केवळ कागदावर गावे आहेत, हे त्या वर्गवारीतून कळत नाही.

इथे मुंबईशी तुलना उपयोगी पडते. मुंबईत अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर मरणाऱ्यांचा आकडा साधारण साडेतीनशे ते चारशेच्या घरात असतो. पुणे शहरात तो तीनशे ते साडेतीनशे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत मात्र मुंबई पुण्याच्या जवळपास चौपट. मुंबईकर अधिक शिस्तीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मुंबई रुळांवर वाढली. आधी स्टेशन, मग वस्ती, मग स्टेशनपासून घरापर्यंत बेस्टची बस किंवा रिक्षा. लोकलने लाखो माणसे जात असल्याने तेवढी माणसे हँडल धरून रस्त्यावर नसतात. त्या लोकलचा स्वतःचा मृत्यूंचा हिशेब भयंकर आहे. दारातून पडणारे, रूळ ओलांडणारे त्यात येतात. तरीही रस्त्यापुरते बोलायचे तर मुंबईला कोंडीने आणि लोकलने थोडे वाचवले. पुणे चाकांवर वाढले, तेही प्रत्येकाच्या स्वतःच्या चाकांवर. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपी झाली. दोन्ही शहरांसाठी तिच्या बस दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिल्या. देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग २००६ च्या डिसेंबरात कात्रज-हडपसर मार्गावर झाला आणि पुढे हळूहळू उखडला गेला. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, तोवर दुचाकीशिवाय जगायचे कसे हेच शहर विसरले होते. नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या पुण्याच्या लोकसंख्येपुढे गेल्याची बातमी २०१८ मध्येच येऊन गेली.

हेल्मेटचा वाद याच वाढीच्या संदर्भात वाचला पाहिजे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध समित्या निघाल्या, मोर्चे निघाले, डोक्यावर पातेली घालून निदर्शने झाली. ‘शहरात वीस-पंचवीसच्या वर वेगच जात नाही, मग हेल्मेट कशाला?’ हा मुख्य मुद्दा. हा युक्तिवाद खोटा नव्हता, शिळा होता. लक्ष्मी रस्त्यावर, तुळशीबागेच्या तोंडाशी तो लागू पडत असे. पण तोच दुचाकीस्वार सकाळी वारज्याहून हिंजवडीला बायपासने निघतो तेव्हा त्याच्या बाजूने सत्तरच्या वेगाने कंटेनर जातो. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि सहप्रवासी मरण पावले. डोके पेठेतल्या पुण्यात राहिले आणि दुचाकी नव्या पुण्यात गेली.

मग वाढ म्हणजे मृत्यू, असे समीकरणच आहे का? रूबेन स्मीड या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये वीस देशांचे १९३८ सालचे आकडे मांडून एक सूत्र दिले. त्याचा आशय असा, की देशात दर माणशी वाहने वाढत गेली की दर वाहनामागे होणारे मृत्यू घटत जातात. अनेक देशांत ते बऱ्यापैकी जुळले आणि त्यातून एक सोयीस्कर समजूत रुजली की समाज मोटारीला सरावला की सगळे आपोआप सुरळीत होते. पण दर वाहनामागे मृत्यू घटले तरी वाहने त्याहून वेगाने वाढली तर एकूण मृत्यू चढतच राहतात. भारतात नेमके तेच चालले आहे.

नेदरलँड्समध्ये आपोआप काही झाले नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या चिमुकल्या देशात वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती, त्यांत चारशेवर मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे त्यांच्या चळवळीचे नाव होते. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. वस्तीतले रस्ते अरुंद आणि नागमोडी केले गेले, सायकलीला वेगळी वाट मिळाली. आज सायकलींचा देश म्हणून त्याचे कौतुक होते, पण पन्नास वर्षांपूर्वी तो देशही मोटारीसाठी जुने चौक पाडत होता. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, ती चूक प्राणावर बेतू नये अशी व्यवस्था उभारणे हे रस्ता बांधणाऱ्याचे काम, हा त्याचा पाया.

परदेशात कशाला जायचे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. तिथे रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी सुरू केली. पुलांची उघडी टोके, मधोमध राहिलेले काँक्रीटचे ठोकळे, कठडे नसलेले उतार, रात्री कडेला उभे केलेले ट्रक यांची यादी करून एकेक गोष्ट दुरुस्त केली. पुढच्या सहा-सात वर्षांत मृत्यू निम्म्याखाली आले. चालक तेच मराठी-गुजराती-कन्नड चालक होते.

दुरुस्तीचा हा मार्ग शहराच्या कडेला इतका मंद का चालतो, याचे एक कारण नियमातच दडले आहे. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायचा तर तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे ओळख पटवायला आधी माणसे मरावी लागतात. ज्या टापूत दर वर्षी दहा नव्या इमारती उठतात तिथे तीन वर्षांपूर्वीची नोंद गेल्या जन्मीची असते. भोगवटा प्रमाणपत्र देताना तिथे राहायला येणारी पाचशे कुटुंबे रस्ता कुठून ओलांडतील, हा प्रश्न त्याच टेबलावर विचारता येतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याच्या सदोष आखणी-बांधणीमुळे मृत्यू झाला तर प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे. तरी ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष’ या शब्दांना चालकाखेरीज दुसरा धनी असू शकतो, हे कायद्याने मान्य केले. ते कलम फिर्यादीत किती वेळा उमटते, हे प्रत्येक वार्ताहराने आपल्या हद्दीत विचारून पाहावे.

आता पुण्याभोवती नवा वर्तुळाकार रस्ता होतो आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाचा हा रिंगरोड सुमारे १७० किलोमीटरचा आहे. उद्देश तोच, जो एकेकाळी कात्रज-देहूरोड बायपासचा होता: बाहेरची वाहतूक बाहेरून जावी. आज त्याच्या वाटेवर ऊस आहे, ज्वारी आहे, गावठाणे आहेत आणि शिवारांच्या कडेला प्लॉटिंगचे फलक आहेत. ‘रिंगरोड टच’ असे ठळक अक्षरांत, खाली हप्त्याची सोय, मग विमानतळ किती मिनिटांवर, आयटी पार्क किती मिनिटांवर. ही सगळी मिनिटे मोटारीची असतात. प्लॉटवर घर झाल्यावर त्या घरातले मूल शाळेसाठी रस्त्याच्या पलीकडे कसे जाणार, ते फलकावर लिहिलेले नसते. बांधकाम परवान्याच्या अर्जात तो रकाना घालायला अजून वेळ आहे.